स्पॅनिश वीस देशांत, मराठी एका राज्यात! म्हणून मराठी छोटी?

परवा एका लोकल ग्रुपवर मेसेज फिरत होता. स्पॅनिश वीस देशांत बोलतात, पोर्तुगीज चार खंडांत, आणि आपल्या मराठीला राज्याबाहेर कोण विचारतं? खाली टाळ्यांचे इमोजी. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन गुरुजीसुद्धा! म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिली गोष्ट. या भाषा गोड होत्या म्हणून पसरल्या नाहीत. 1494 साली तोर्देसियास गावी स्पेन आणि पोर्तुगालनं नकाशावर एक रेघ मारली आणि युरोपबाहेरचं जग आपसात वाटून घेतलं. आपण बांधाची मोजणी करताना शेजाऱ्याला नोटीस तरी देतो. इथं ज्यांची जमीन, त्यांनाच पत्ता नाही! पुढं ब्राझील पोर्तुगीजांकडं गेला, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचा बराच मुलूख स्पेनकडं. मूळ लोक देवीच्या साथीनं, तलवारीनं मेले. आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. आज पोर्तुगालात जेमतेम एक कोटी लोक, ब्राझीलमध्ये वीस कोटी. ही भाषेची थोरवी नाही राव, हा ताब्याचा सातबारा आहे.

दुसरी गोष्ट. नुसत्या सत्तेनंही भागत नाही. गोव्यात पोर्तुगीज 1510 ते 1961, म्हणजे 451 वर्षं होते. 1684 ला फर्मान काढलं, तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला. झालं काय? सत्ता गेली तेव्हा घरात पोर्तुगीज बोलणारे मूठभर. कोकणी 1987 ला राजभाषा झाली. आपल्याकडं उरले ते शब्द : पाव, चावी, साबण, पगार. मोंढ्यात रोज होतो तो 'लिलाव'सुद्धा तिकडचाच.

आता उलटं उदाहरण बघा. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई गाव आहे. 1740 ला तो मुलूख मराठ्यांकडं आला, पोर्तुगीज गेले. तरी तिथली काही ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीजमधून जन्मलेली, मराठीचं वळण घेतलेली आपली बोली आजही बोलतात. ना सरकार, ना शाळा, ना अनुदान. आया लेकरांशी तीच भाषा बोलत राहिल्या, एवढंच.

तिसरी गोष्ट आपल्या परभणीची. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत. 1918 ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं वरचं शिक्षणही उर्दूत. उर्दूशी आपलं भांडण नाही, ती आपल्या शेजाऱ्याची भाषा आहे. पण कचेरीत मान नसतानाही आपल्या आज्यांनी मराठी घरात टिकवली. 17 सप्टेंबर 1948 नंतर ती कचेरीत आली.

आणि आता? 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. पण आपल्याच गावात 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, शेतकऱ्याच्या पोरानं पदवीचा अभ्यास करायचा तो इंग्रजीत. जमिनीचा वाद हायकोर्टात गेला की निकाल इंग्रजीत, वाचून घ्यायला वकील गाठा. मग बाप पोटाला चिमटा काढून लेकराला इंग्लिश स्कूलमध्ये घालतो. त्याला दोष देऊ नका, त्याला व्यवहार कळतो. दोष त्यांचा, जे भाषणात मराठीचा जयजयकार करतात आणि मराठीतून शिकलेल्याला पोट भरायची सोय ठेवत नाहीत.

म्हणून वीस देशांचा हेवा नको. मागणी एवढीच : शेतीची पदवी मराठीतून घेता आली पाहिजे, पक्षकाराला निकालाची मराठी प्रत मिळाली पाहिजे, झेडपी शाळेतल्या गुरुजींच्या रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण मराठीत!