दुखण्याचे कारण कोणी सांगावे?

पालघर जिल्ह्यातील वाणगावच्या आसपासच्या पाड्यांवर एखाद्या वारली मुलाचे हातपाय वारंवार ठणकू लागले, डोळ्यांवर पिवळेपणा दिसू लागला, की घरची वडीलधारी मंडळी पुष्कळदा प्रथम भगताकडे, म्हणजे गावच्या देवऋषीकडे, जातात आणि तो तांदळाचे दाणे पाहून कोणते दैवत कोपले याचा निवाडा करतो, या वस्तुस्थितीची केवळ अज्ञान म्हणून वासलात लावणे आम्हांस उचित वाटत नाही; कारण हे दुःख आपल्याच वाट्याला का आले, या प्रश्नाला तो उत्तर तरी देतो, आणि दवाखान्यात मात्र बहुधा गोळ्यांची पुडी तेवढी हाती पडते. मात्र त्या निवाड्यात एखाद्या निराधार स्त्रीवर भूताळीपणाचा, म्हणजे चेटूक केल्याचा, आळ येतो, तेव्हा गय करता कामा नये. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

वर सांगितलेल्या लक्षणांमागे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तरोग असू शकतो. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव २५ टक्के, हे रसायनशास्त्रज्ञ पाउलिंगने १९४९ साली ज्याचे रेणवीय मूळ दाखविले त्या रोगाचे साधे गणित. ते विवाहापूर्वीच वारली बोलीत, सावकाश, कोणालाही दोषी न ठरविता समजावून सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी आरंभिलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेची मुदत २०४७ पर्यंत आहे. रक्ततपासणीचे कार्ड वाटून सरकारदरबारी मोहिमेची नोंद होईल, परंतु हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा अखंड पुरवठा आणि समुपदेशकाची कायम नेमणूक यांची तजवीज जिल्हा प्रशासनाने आताच करावी.