सावलीचे भय कशाला?

ग्रहण जवळ आले की माळकऱ्यांच्या घरातही भय शिरते. पोटुशी सून सकाळपासून खोलीत बसते, तिला पाणीही मोजून मिळते. शिजलेले अन्न टाकून दिले जाते. हे सारे देवाच्या नावाने चालते, म्हणून ते भागवत धर्मात बसते का, हे विचारणे आपले काम आहे.

ग्रहण म्हणजे काय? दिंडीत चालताना पुढच्या वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका क्षणभर सूर्याच्या आड येते. सूर्याला काही होत नाही, आपल्या तोंडावर सावली पडते इतकेच. चंद्राचेही तसेच. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट, पण सूर्य चंद्राहून सुमारे ४०० पट दूरही आहे. म्हणून जवळचा लहान चंद्र दूरच्या मोठ्या सूर्याला झाकू शकतो.

मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावास्यांना त्याची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. या दोन वाटा जेथे एकमेकींना छेदतात, त्या दोन बिंदूंना आपल्या ज्योतिषगणितात राहू आणि केतू म्हणतात. अमावास्या त्या बिंदूंजवळ आली तरच ग्रहण लागते. बिंदूला तोंड नाही नि पोटही नाही. तो गिळणार काय?

सावलीचेही दोन भाग. मधल्या गडद सावलीत जो उभा असेल त्याला सूर्य पुरता झाकलेला दिसतो. भोवतीच्या विरळ सावलीत असेल त्याला सूर्याचा एक तुकडाच झाकलेला दिसतो. हेच खंडग्रास. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी, असेच घडले. गडद सावली उत्तर ध्रुवाच्या वरून अवकाशात निघून गेली, पृथ्वीला फक्त विरळ सावली लागली. म्हणून जगात कोठेही खग्रास दिसले नाही. मुंबईत सूर्याचा पावएक भाग झाकला आणि ग्रहण सुटण्याआधीच तो मावळला.

कोणी म्हणतील, “आपले पूर्वज काय वेडे होते?” मुळीच नाही. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्येच सांगून ठेवले की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहणाचे गणित मांडले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच्या १४० वर्षे आधीची ही गोष्ट. हेही पूर्वजच. आणि पंचांगात ग्रहणाचा स्पर्श-मोक्ष मिनिटासकट छापतात, तो याच सावलीच्या गणितावर. गणित घ्यायचे आणि त्याच्या शेजारी राक्षस उभा करायचा, हा कुठला न्याय?

दुसरे म्हणतील, “पाळले तर बिघडते काय?” बिघडते. तहान त्या पोटुशीला लागते, सांगणाऱ्याला नव्हे. बाळाचा ओठ फाटलेला निघाला तर “ग्रहणात विळी धरली असशील” म्हणून जन्मभराचा बोल तिच्या माथी येतो. वास्तविक बाळाचा ओठ गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो. सातव्या महिन्यातले ग्रहण तो कापील कसा? आणि अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांनी भरले पातेले उकिरड्यावर ओतावे, यात कसले पावित्र्य?

ग्रहणकाळी कोणी स्नान करून जप करीत असेल तर आमचे भांडण नाही. नाम कधीही गोडच. पण भयाने घेतलेले नाम आणि प्रेमाने घेतलेले नाम यांत अंतर आहे. संतांनी नामाला काळवेळेचे बंधन ठेवले नाही, सोवळे-ओवळे ठेवले नाही. ज्या नामाला विटाळ नाही, ते घेणाऱ्याला सावलीचा विटाळ कसा होईल?

जपायचे ते डोळ्यांना जपा. खंडग्रास सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नये. साधा काळा चष्मा, काजळी धरलेली काच, ताटातल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही चालत नाही. ग्रहणासाठी बनवलेला खास चष्मा वापरावा, नाहीतर झाडाखाली उभे राहावे. पानांच्या फटींतून जमिनीवर पडलेले कवडसे ग्रहणात कोरीसारखे होतात, ते खुशाल पाहावेत.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढी वारीनंतरच्या दिव्याच्या अमावास्येला, पुन्हा सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, तेही ढगांनी वाट दिली तर. त्या दिवशी घरात दिवे उजळा, सुनेला पोटभर जेवू घाला, नातवंडांना अंगणात नेऊन कवडसे दाखवा आणि टाळ हाती घ्या. सावली पाळायची नसते, ती सरते. राम कृष्ण हरि.