एका सुईचे कर्ज

काजू फुलला, आंब्याला मोहोर आला की पार्सेत घरोघरी शिंका सुरू होतात. नाक वाहते, डोळे चुरचुरतात आणि शिगमा तर तोंडावर आलेला असतो. मग कुणीतरी सांगतो, "ती सुई घे रे, महिनाभर बघायला नको!" आणि आपली शिकलीसवरलेली माणसेही ती टोचून घेतात.

सुई कसली, हे विचारतो कोण? बहुधा ती ट्रायम्सिनोलोनसारख्या स्टेरॉइडची असते. हे औषध स्नायूत साठते आणि काही आठवडे रक्तात झिरपत राहते. गोळी सोसली नाही तर बंद करता येते, टोचलेली सुई परत काढता येत नाही. त्या काळात रक्तातली साखर चढते, रक्तदाब वाढू शकतो, शरीरात स्वतःचे कॉर्टिसोल बनणे मंदावते. दरवर्षी अशी इंजेक्शने घेणाऱ्यांत मधुमेह व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, असे डेन्मार्कमधील २०१३ च्या अभ्यासात दिसले.

आणि आपण राहतो कुठे? आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: २६.४ टक्के! देशाचा आकडा ११.४. माझ्या थोरल्या भावाने तीन मोसम ही सुई घेतली. मधुमेह आहे का, हे देणाऱ्याने विचारले नाही, घेणाऱ्याने सांगितले नाही. तिसऱ्या खेपेस साखर चारशेवर गेली. २०२१ साली कोविडच्या लाटेत वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांतून काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे नेले, ते इतक्यात विसरलो?

स्टेरॉइड शत्रू नव्हे. दम्याच्या झटक्यात ते जीव वाचवते. पण शिंकांसाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा आहे, सेटिरिझिनसारख्या गोळ्या आहेत. फवाऱ्याचे औषध रक्तात फारच थोडे उतरते. मात्र तो रोज मारावा लागतो, गुण यायला काही दिवस लागतात. तेवढा धीर आपल्यात नाही, हेच खरे दुखणे!

बँकेत वीस वर्षे कर्जखाती पाहतो आहे. हप्ता पुढे ढकलला की माणूस खुशीत घरी जातो, व्याज मात्र थांबत नाही. ही सुई तशीच.

म्हणून समाजबांधवांनो, सुईचे नाव चिठ्ठीवर लिहून मागा, मधुमेह असल्यास आधी सांगा. आणि मते मागायला दारी येणाऱ्यांना विचारा: मोहोराच्या दिवसांत पेडण्याच्या आरोग्य केंद्रात नाक-कान-घशाचे डॉक्टर व फवारे मिळतील काय? रस्ते, गटारे मागतो, तसे हेही ग्रामसभेत मागू या.