'कोणत्याही बजेटमध्ये' त्रिनिदाद

वसतिगृहातल्या आमच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात एक प्रवास-योजना तयार झाली. निमित्त झाले एका जाहिरातीचे. कुणाच्या तरी मोबाईलवर ती उगवली : निळे पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड आणि वर ठळक अक्षरे – 'कॅरिबियन बेट, कोणत्याही बजेटमध्ये!' आमच्यापैकी एकाचे बजेट त्या दिवशी मेसची थकबाकी वजा जाता उणे होते. तो म्हणाला, "कोणत्याही म्हणजे माझ्याही ना? मग लावा हिशेब." झाले! भूगोलवाला नकाशा घेऊन आला, अर्थशास्त्रवाल्याने वहीचे मागचे पान फाडले, आणि लाईट जाईपर्यंत आम्ही सहा जण पोर्ट ऑफ स्पेनला जाऊन आलो.

इतक्या बेटांतून त्रिनिदादच का, याचे उत्तर मराठी माणसाला देण्याची गरज पडू नये. 1971 च्या मार्चमध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवले ते पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर. मडगावच्या सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक काढले, आणि गावसकर नावाचा एक मुलगा त्याच सामन्यात पहिल्यांदा कसोटी खेळला. मालिका संपली तेव्हा त्याच्या नावावर 774 धावा होत्या आणि तिथल्या लोकांनी त्याच्यावर गाणे रचले होते. पण माझ्या मनात बसले आहेत ते सुभाष गुप्ते. मुंबईचा हा लेगस्पिनर 1953 च्या दौऱ्यात तिथे 27 बळी घेऊन आला, पुढे त्रिनिदादच्याच मुलीशी लग्न करून तिथे स्थायिक झाला, आणि 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनलाच वारला. आपला माणूस जिथे घर करून राहिला, तिथे आपण आठ दिवस जाऊ नये काय?

तर हिशेब. बेट आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडे लहान, म्हणजे आठ दिवसांत फिरून होण्यासारखे. जानेवारी ते मे कोरडे दिवस, जून ते डिसेंबर पावसाचे. कॅरिबियन म्हटले की वादळाची धास्ती असते; त्रिनिदाद वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्याने बरेचसे वाचते. मात्र शेजारच्या टोबॅगोला 1963 मध्ये 'फ्लोरा' वादळाने झोडपले होते, तेव्हा अगदीच बेफिकीर राहू नये. फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्निव्हलच्या आठवड्यात राहण्याचे भाव आकाशाला भिडतात. म्हणून ज्याच्याजवळ पैसा कमी त्याने कार्निव्हलचे दोन दिवस सोडावेत आणि त्याच्या आधीचे आठवडे धरावेत. स्टील पॅनची पथके तेव्हा आपापल्या अंगणात रात्र रात्र सराव करतात, आणि कुंपणाशी उभे राहून ऐकणाऱ्याकडे बहुधा कुणी तिकीट मागत नाही. तेलाच्या रिकाम्या पिंपांतून निघालेले ते वाद्य. जत्रेपेक्षा तिची तालीमच ऐकावी, असे माझे मत आहे. (आमच्या स्नेहसंमेलनाबाबतही माझे हेच मत आहे!)

बेटावरचा खर्च काढताना आम्हाला खरी मौज वाटली. तिथला एक डॉलर, म्हणजे टीटी डॉलर, साधारण 12-13 रुपयांना पडतो. फिरायला मॅक्सी-टॅक्सी, म्हणजे आपल्या वडापची थोरली बहीण. तिच्या अंगावर रंगीत पट्टा असतो आणि पट्ट्यावरून भाग ओळखायचा : पिवळा राजधानीकडचा, लाल पूर्वेचा, हिरवा मध्य आणि दक्षिणेचा. सकाळी रस्त्याच्या कडेला 'डबल्स' खायचे : तळलेले दोन मऊ 'बारा' आणि त्यांवर रसरशीत चणे, वरून तिखट. पुस्तकात छापलेला हा पदार्थ वाचून आमच्यातल्या एकाने "हे तर छोले-भटुरे!" असे जाहीर केले, आणि तो फार चुकला असे नाही. दुपारी दालपुरी रोटी. आपल्या पुरणपोळीत पुरणाऐवजी तिखट डाळ भरली तर जे होईल, त्याच्या जवळपासचे काही.

पाहायचे काय? कॅरोनीच्या खाडीत संध्याकाळी खारफुटीवर उतरणारे लालभडक आयबिस पक्षी; त्यासाठी होडीचे पैसे पडतात. ला ब्रे येथे सुमारे 100 एकरांचा डांबराचा तलाव आहे, त्याच्या पाठीवरून चालता येते. मार्च ते ऑगस्ट ग्रांद रिव्हिएरच्या किनाऱ्यावर रात्री अजस्र समुद्री कासवे अंडी घालायला येतात, परवाना काढून पाहता येतात. टोबॅगोला विमान वीस-पंचवीस मिनिटांत नेते. बोटीला काही तास लागतात, पण ती स्वस्त. आम्ही अर्थातच बोट धरली. रात्री एकट्याने भटकायचे नाही, हेही वहीत लिहिले. 2024 च्या डिसेंबरअखेर वाढत्या खुनांमुळे तिथल्या सरकारला आणीबाणी पुकारावी लागली होती.

आणि वॉटरलूचे देऊळ. ते फुकट आहे, पण त्यासाठी सगळा प्रवास करावा. सिवदास साधू नावाच्या ऊसमळ्यावरील मजुराने 1947 च्या सुमारास साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. कंपनीने ते पाडायला सांगितले, याने नाही म्हटले. दंड झाला, तुरुंग झाला, देऊळ पाडले गेले. तेव्हा या गृहस्थाने विचार केला की जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कुणाचा नाही! सायकलवरून आणि बादल्यांतून दगडमाती वाहून त्याने वर्षानुवर्षे समुद्रात भराव घातला आणि त्यावर देऊळ उभे केले. लाटांनी ते झिजले, पुढे 1990 नंतर सरकारने ते नव्याने बांधले.

इथवर जाहिरातदाराचे आणि आमचे भांडण नाही. बेटावर पाऊल ठेवल्यानंतर थोड्या पैशांत भागते. इतकेच नव्हे, थोड्या पैशांचा माणूस बेट जास्त पाहतो. सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या रिसॉर्टमध्ये विमानतळावरून परस्पर जाऊन परस्पर परतणाऱ्याला पाहायला मिळतो तो पोहण्याचा तलाव. जमैकात तर 1956 च्या एका कायद्यानुसार किनाऱ्यावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना नाही. किनाऱ्यांवर हॉटेले उभी राहिली आणि गावातली पोरे समुद्राला मुकली म्हणून तिथे लोक झगडत आहेत. त्रिनिदाद तेल आणि वायूवर जगते, पर्यटकावर नाही, म्हणून तिथल्या माराकासच्या किनाऱ्यावर रविवारी तिथलेच लोक असतात. आमच्या निवडीमागे हेही एक कारण होते, असे आता म्हणायला हरकत नाही. त्या रात्री ते सुचले नव्हते.

भांडण आहे ते तिकिटाच्या रकान्यावर. जाऊन-येऊन विमानाचे भाडे लाखाच्या पुढेच जाते, आणि थेट विमान नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला त्रिनिदादचा व्हिसा काढावा लागत नाही, हे वाचून आम्ही टाळ्या पिटल्या. (निघण्यापूर्वी नियम पुन्हा पाहावा, नियम बदलतात.) पण वाटेत अमेरिकेच्या विमानतळावर नुसते एका विमानातून दुसऱ्यात बसायचे म्हटले, तरी अमेरिकेचा व्हिसा हवा, त्याचे शुल्क हवे, मुलाखत हवी आणि बँकेच्या पुस्तकात दाखवण्याजोगा आकडा हवा. ज्या घरी जायचे त्याचे दार उघडे, आणि अडवणारा मधल्या बोळातला! आमच्या 'उणे' मित्राने शांतपणे विचारले, "म्हणजे डबल्स मला परवडतात, पण डबल्सपर्यंत जाणं परवडत नाही. असंच ना?" त्यावर अर्थशास्त्रवाल्याकडेही उत्तर नव्हते.

'कोणत्याही बजेटमध्ये' या शब्दांचा मला राग येतो तो यासाठी. जो हे म्हणतो त्याने एक किमान रक्कम मनात धरलेली असते आणि तिच्या खालच्या माणसाला न सांगता वगळलेले असते. 'भरपूर पैसे लागतात' असे कुणी सरळ सांगितले तर माणूस हसून सोडून देतो. 'कुणालाही जमेल' म्हटले आणि आपल्याला जमले नाही, की तो खजील होतो. चूक हिशेबाची असते, लाज मात्र त्याला वाटते.

कुणी म्हणेल, एका जाहिरातीवर एवढा लेख! पण या बेटाचा इतिहास वाचताना मला असाच एक हिशेब भेटला. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. गुलामगिरी संपल्यावर ऊसमळ्यांना हात हवे होते. पुढे 1917 पर्यंत, मुख्यतः अवध आणि भोजपूरकडचे, एक लाख चाळीस हजारांवर लोक असे नेले गेले. त्यांच्याजवळ कसलेच बजेट नव्हते; प्रवास फुकट होता! पाच वर्षांचा करार आणि परतीच्या जहाजाचे आश्वासन. मग परतीसाठी दहा वर्षे राहण्याची अट आली, पुढे परतीऐवजी जमिनीचा तुकडा देऊ केला गेला, आणि बहुतेक जण तिथलेच झाले. 2011 च्या जनगणनेत तिथले सुमारे 35 टक्के लोक त्यांचे वंशज आहेत, आणि 30 मेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. खर्च किती हे ज्याला सांगितले जात नाही, तो खर्च वेगळ्या रीतीने भरतो.

आता घरचे. मी प्रथम वर्षाला असताना विभागाची रायगडची सहल निघाली. नोटिशीत वाक्य होते, 'सर्वांना परवडेल अशा अल्प शुल्कात.' शुल्क 1,800 रुपये होते. माझ्या घरी त्या महिन्यात बहिणीची परीक्षा फी भरायची होती. बाबांना विचारले असते तर त्यांनी कुठून तरी आणून दिले असते, म्हणून विचारलेच नाही. सरांना सांगितले, पोट बिघडलेय. सर म्हणाले, "अरे, रायगड चढलास की बरं होईल!" सर प्रेमाने म्हणाले, यात शंका नाही. पुढे कळले की त्या वर्षी आणखी दोघांची पोटे बिघडली होती.

सरांवर माझा राग नव्हता आणि नाही. नोटीस लिहिणाऱ्याने आधी वर्गात एक कोरी चिठ्ठी फिरवून 'तुम्ही किती देऊ शकाल?' एवढे विचारले असते, तर रायगडऐवजी जवळचा गड निघाला असता, किंवा रायगडच, पण एस.टी.ने आणि घरून बांधलेल्या भाकरीवर. आम्ही सहा जणांनी त्या रात्री त्रिनिदादसाठी तेच केले होते. हिशेब सुरू केला तो उणे असलेल्यापासून. त्यामुळेच आमचे हॉटेल गेले आणि मॅक्सी-टॅक्सी आली, विमान गेले आणि बोट आली. तिकिटाचा रकाना सोडला तर योजना उत्तम झाली, असे आजही सगळ्यांचे मत आहे. तो कागद खोलीच्या दाराआड चिकटवलेला आहे. तिकिटासमोर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे : 'नोकरीचे तिसरे वर्ष.'

यंदाच्या सहलीची नोटीस परवा फलकावर लागली. शुल्क ठळक आहे, 'सर्वांना परवडेल' हेही आहे. हप्ते चालतील का, ते लिहिलेले नाही. मी खाली पेन्सिलीने तेवढे विचारून ठेवले आहे. आज सकाळपर्यंत त्याखाली आणखी चार जणांनी 'मलाही कळवा' असे लिहिले होते.

– तृतीय वर्ष कला (इतिहास)