शिरेतून दिलेले लोह जाते कुठे?

बाजार समितीच्या आवारात ट्रक रिकामा झाला म्हणजे माल ग्राहकाच्या घरी पोचला, असे कारंज्यातील कोणताही अडत्या समजत नाही. सलाईनमधून लोह घेतलेल्या स्त्रीच्या घरी मात्र दोन दिवसांतच हिमोग्लोबिन तपासण्याची घाई होते.

सुटे लोह रक्तात घातक ठरते. म्हणून या औषधात ते वेष्टनात बांधलेले असते. आयर्न सुक्रोजमध्ये वेष्टन साखरेचे, तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोजमध्ये पिष्टापासून बनविलेल्या कर्बोदकाचे. (औषधातील लोह प्राणिज असेल काय, अशी शंका काही घरांत निघते, हे लोह खनिज असते.) यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथील भक्षक पेशी हे कण गिळतात आणि वेष्टन फोडतात. मोकळे झालेले काही लोह फेरिटिन या प्रथिनात साठते, हीच शरीराची वखार. उरलेले ट्रान्सफेरिन नावाचे वाहक प्रथिन अस्थिमज्जेकडे नेते व तेथे नव्या तांबड्या पेशी घडतात. त्यांची वाढ आठवडाभरात दिसू लागते. हिमोग्लोबिन भरून येण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. लगेच तपासलेले फेरिटिन तर फसवे वाढलेले दिसते.

खरी सावधगिरी पुढेच आहे. आहारातून येणाऱ्या लोहावर हेप्सिडिन या संप्रेरकाचा पहारा असतो आणि आतडे दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम आत घेते. शिरेतून एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते, तेही आतड्याचे दार टाळून. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराला नाही. थकवा आला की तपासणीवाचून पुन्हा सलाईन लावून घेणे म्हणूनच अयोग्य; ताप वा जंतुसंसर्ग असताना आणि गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही ते टाळतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाळीतील अतिस्राव हे त्यामागील एक नेहमीचे कारण, आणि नेमके तेच घरात सांगितले जात नाही. गळती चालू राहिली तर भरलेली वखार पुन्हा रिती होते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असणाऱ्या घरांत डाळींसोबत लिंबू वा आवळा घ्यावा. जेवणानंतरचा चहा तासाभराने पुढे ढकलावा.