परतीचे दोर

रविवारची जेवणे उरकली आणि नोएडातल्या त्या मराठी घरात सारेजण टीव्हीसमोर बसले. 'एव्हरेस्ट' हा २०१५ सालचा इंग्रजी सिनेमा लावायचे ठरले होते. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या २८ दिवसांच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म गेला आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून होता. डॉक्टरांचा दाखला जोडून झाला होता. राहिला होता तो आईचा होकार. मुलगा १९ वर्षांचा, कायद्याने सज्ञान. पण 'आई नाही म्हणाली तर जाणार नाही,' असे त्याने सांगून टाकले होते आणि त्यामुळेच आईची पंचाईत झाली होती.

''वाईटात वाईट काय होऊ शकते, ते एकदा डोळ्यांनी बघू तरी दे,'' असे आईच म्हणाली होती. तिची भीती काही उगाच नव्हती. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या शिखरावर याच संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमप्रपातात सापडले होते. २७ मृतदेह हाती लागले, दोघे सापडलेच नाहीत. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे ती विसरलेली नव्हती.

सिनेमा सुरू झाला. हा सिनेमा कल्पनेतून रचलेला नाही. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर जे घडले, त्याचीच ही गोष्ट आहे. रॉब हॉल हा न्यूझीलंडचा नामांकित गिर्यारोहक पैसे घेऊन हौशी लोकांना एव्हरेस्टवर नेत असे. १९९० ते १९९५ या काळात त्याने ३९ जणांना शिखरावर पोहोचवले होते. माणशी शुल्क ६५,००० डॉलर. त्याचा एक नियम मात्र कडक होता. दुपारी १, फार तर २ वाजेपर्यंत शिखर गाठले नाही, तर असाल तिथून मागे फिरायचे.

हा नियम कशासाठी? ८,००० मीटरच्या वरच्या भागाला गिर्यारोहक मृत्युक्षेत्र म्हणतात. शिखरावर हवा इतकी विरळ, की एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने जेमतेम एकतृतीयांश प्राणवायू मिळतो. पाठीवरची नळकांडी ठरावीक तासच पुरतात. अंधार पडण्यापूर्वी तंबू गाठला नाही, तर थंडी गाठते. शिवाय प्राणवायू कमी पडला की आधी विचारशक्ती मंदावते. आपले काही चुकते आहे, हेच माणसाला उमगत नाही. म्हणून परतीची वेळ वर गेल्यावर ठरवायची नसते. ती खाली, डोके शाबूत असताना ठरवायची असते.

त्या दिवशी तिसाहून अधिक माणसे एकाच वाटेने वर निघाली होती. काही अवघड ठिकाणी आधी लावून ठेवायचे दोर लावलेले नव्हते. ते लावेपर्यंत माणसे थंडीत ताटकळली. दुपारचे २ वाजून गेले तरी माणसे वरच चढत होती. संध्याकाळी वादळ आले.

सिनेमात एक टपाल कर्मचारी आहे, डग हॅन्सन. तोही खराखुरा माणूस. आदल्या वर्षी, म्हणजे १९९५ साली, शिखर अगदी दृष्टीच्या टप्प्यात असताना हॉलने त्याला मागे फिरवले होते. तेव्हा नियम पाळला गेला आणि सारे जिवंत परतले. दुसऱ्या वर्षी हॉलनेच त्याला पुन्हा बोलावून घेतले. यावेळी डगला परत फिरायचे नव्हते आणि हॉललाही त्याला पुन्हा परतवणे जड गेले असावे. डग शिखरावर पोहोचला तेव्हा दुपारचे सुमारे ४ वाजले होते. हॉल त्याच्यासाठी वर थांबला. दोघेही परतले नाहीत.

सिनेमातला सर्वांत चटका लावणारा प्रसंग टेलिफोनचा आहे. शिखराजवळच्या बर्फात अडकलेला हॉल न्यूझीलंडमधल्या आपल्या गरोदर बायकोशी बोलतो. हेही खरेच घडले. बिनतारी यंत्र आणि उपग्रह टेलिफोन जोडून तळछावणीने दोघांना बोलते केले होते. ती स्वतः डॉक्टर आणि गिर्यारोहक. १९९३ साली नवऱ्याबरोबर ती एव्हरेस्टवर जाऊन आली होती. आपला नवरा कुठे बसला आहे आणि तिथून खाली येण्याची शक्यता किती, हे तिला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

इथे आईने डोळ्यांना पदर लावला. आजी दिवाळीनंतर साताऱ्याहून आलेली होती. इतका वेळ ती गोधडी पांघरून गप्प होती. आता म्हणाली, ''एवढं सगळं कळत होतं त्या माणसाला, मग मागं का नाही फिरला?''

''आजी, आपणच नाही का शिकवत, दोर कापून टाकले म्हणून?'' मुलगा म्हणाला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळे मागे हटू लागले, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापून टाकल्याची कथा मराठी मूल दुधाबरोबर पिते. 'परतीचे दोर कापले' हा आपल्याकडे गौरवाचा वाक्प्रचार आहे.

''अरे, ती लढाई होती,'' आजी म्हणाली. ''समोर शत्रू होता. डोंगर कुणाचा शत्रू? त्याच्याशी कसली लढाई? तिथं दोर लावायचा तो वर जायला आणि परत यायला.''

साताऱ्याच्या घरातून रोज अजिंक्यतारा बघणाऱ्या बाईने एव्हरेस्टचे मर्म एका वाक्यात सांगितले.

सिनेमा संपला, पण मुलाजवळ सांगण्यासारखे बरेच होते. तो दर रविवारी सकाळी दिल्लीतल्या भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानच्या आवारातल्या कृत्रिम भिंतीवर चढायला जातो. तिथे या दुर्घटनेवर पुष्कळ बोलले जाते. त्याने घरच्यांना सांगितले, की सिनेमाची कथा नेपाळच्या बाजूची असल्यामुळे त्या दिवशीची आणखी एक गोष्ट तीत येत नाही. ती गोष्ट भारताची आहे.

त्याच दिवशी डोंगराच्या उत्तरेकडून, तिबेटच्या बाजूने, भारत-तिबेट सीमा पोलिसांचे पथक चढत होते. या दलाचे मुख्यालय दिल्लीतच, लोधी रोडवर आहे. तिबेटच्या बाजूने एव्हरेस्ट चढणारे पहिले भारतीय व्हायचे, ही त्यांची जिद्द होती. हवा बिघडू लागली, वेळ हातातून जाऊ लागली. पथकाचे उपनेते मागे फिरले. सुभेदार त्सेवांग समानला, लान्स नाईक दोर्जे मोरूप आणि हेड कॉन्स्टेबल त्सेवांग पालजोर हे तिघे लडाखी जवान पुढे गेले. शिखरावर पोहोचल्याचे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळवले. ते ठिकाण म्हणजे खरोखर शिखर होते, की त्याच्या थोडे अलीकडचे, यावर पुढे वाद झाला. ते परत आले नाहीत, यावर मात्र वाद नाही. त्या दोन दिवसांत एव्हरेस्टवर आठजण मरण पावले. त्यांत तीन आपले होते.

पालजोर तेव्हा २८ वर्षांचा होता. सुमारे ८,५०० मीटर उंचीवर, एका कपारीत, हिरवे बूट घातलेला एक मृतदेह पुढे कित्येक वर्षे वाटेवर पडून होता. तो पालजोरचाच असावा, असे बहुतेकजण मानतात. जाणारे-येणारे त्या बुटांवरून आपण कुठवर आलो ते ओळखत. कुणाचा तरी मुलगा वाटेवरची खूण होऊन राहिला.

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

''आणि जे मागे फिरले, त्यांचं काय?'' शेवटी आईने विचारले.

हाच खरा प्रश्न आहे. हॉलच्याच तुकडीतले तिघेजण साडेअकराच्या सुमारास मागे फिरले होते. पुढे गर्दी आहे, वेळेत पोहोचणे शक्य नाही, असा साधा हिशेब त्यांनी केला. ६५,००० डॉलर भरले होते, हवा तेव्हा स्वच्छ होती, शिखर काही तासांवर होते. तरी ते उतरले आणि सुखरूप राहिले. सिनेमात ते लक्षातही राहत नाहीत. त्याच महिन्याच्या सुरुवातीला योरान क्रोप हा स्वीडिश गिर्यारोहक शिखराच्या १०० मीटर अलीकडून परत फिरला होता. हा माणूस स्वीडनहून सायकलने नेपाळला आला होता! उशीर झाला, एवढ्याच कारणाने तो वळला. २३ मे रोजी तो पुन्हा चढला आणि शिखरावर पोहोचला.

जे परत फिरतात, त्यांच्यावर सिनेमे निघत नाहीत. बघायला काही नसतेच. माणूस वळला, उतरला, चहा प्याला, घरी गेला. पण ती वळण्याची घटका साऱ्या चढाईहून अवघड असते. पाय थकलेले असतात म्हणून नव्हे, तर 'लोक काय म्हणतील', 'एवढा पैसा गेला', 'आता नाही तर कधीच नाही' हे सारे त्या घटकेला माणसाच्या पाठीवर बसलेले असते. हे ओझे कोणी डोंगरावर उचलत नाही. ते घरातून बांधून दिलेले असते.

आईला एकदम आठवले. तीन वर्षांपूर्वी हाच मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी कोट्याला गेला होता. सात महिन्यांनी त्याने टेलिफोन केला, 'मला हे जमत नाही, मी परत येतो.' घरात जणू सुतक पडले होते. बाबा म्हणाले होते, ''वर्षाची फी भरली आहे, काही कळते का तुला?'' शेजारीपाजारी विचारतील म्हणून आईने मुलाला बरे नसल्याचे सांगितले होते. निजामुद्दीन स्टेशनवर त्याला आणायला कोणी गेले नव्हते. ट्रंक आणि वळकटी घेऊन तो एकटाच रिक्षाने आला होता.

त्यावर घरात पुन्हा कधी बोलणे झाले नाही. मुलगा आता साध्या कॉलेजात शिकतो, बरा आहे, हसतो-बोलतो. पण आपण त्याला त्या दिवशी नेमके काय शिकवले, हे आईला आज प्रथमच दिसले. अर्ध्यावरून परत येणाऱ्याला आणायला कोणी येत नाही, हेच ना?

मुले बर्फात जातील, परगावी जातील, नोकरीत, लग्नात, धंद्यात पडतील. त्यांना थांबवणे आई-बापांच्या हाती फार काळ राहत नाही. वादळ तर कोणाच्याच हाती नसते. नियम पाळूनही अपघात होतात, हेही खरे. पण परत येण्याची वाट मोकळी ठेवणे, एवढे तरी घराच्या हाती असते. ज्या मुलाला ठाऊक असते, की हात हलवत परतलो तरी दार उघडेल, पान वाढले जाईल, कोणी टोमणा मारणार नाही, ते मूल वेळ झाली की वळते. ज्याला ते ठाऊक नसते, ते दुपारचे ४ वाजले तरी चढत राहते.

आईने टेबलावरचा फॉर्म पुढे ओढला. अपघात झाल्यास कोणाला कळवावे, या रकान्यात तिने आपले नाव आणि टेलिफोन नंबर लिहिला. हात थरथरला, पण अक्षर नीट आले.

''वर गेलास की नाही, ते मला विचारायचं नाही,'' ती म्हणाली. ''वळावंसं वाटलं तर वळ. कारण सांगायची गरज नाही.''

बाबा एवढा वेळ चष्मा पुसत बसले होते. ते म्हणाले, ''काश्मिरी गेटच्या बस अड्ड्यावर मी येईन घ्यायला. अठ्ठाविसाव्या दिवशी आलास तरी आणि आठव्या दिवशी आलास तरी.''

मुलगा काही बोलला नाही. स्टेशनची ती सकाळ त्यालाही आठवत असावी. आजी मात्र गोधडी आवरत उठली आणि म्हणाली, ''चहा टाका आता. आणि त्याला लोकरीचे मोजे किती लागतात, ते विचारा.''