भट्टीची अवजारं

घरामागं विटांची भट्टी बांधून पिझ्झा भाजायची हौस असेल, तर अवजारांसाठी मोबाइल चाळत बसू नका. परभणी-जिंतूरकडं रस्त्याकडेला पाल टाकलेले घिसाडी दिसले की गाडी थांबवा. विळा-खुरपं घडवणाऱ्याला निखारे ओढायचा आकडा म्हणजे किरकोळ काम. दांडा बाभळीचा, भट्टीच्या खोलीपेक्षा हातभर लांब. पिझ्झा सारायला-काढायला मात्र दोन फळ्या हव्यात: कच्चा आत सोडायला लाकडी, कारण ओलसर पीठ तिला कमी चिकटतं, भाजलेला काढायला पातळ पत्र्याची, कडा कानशीनं घासलेली. हा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला अजिबात नको. नेपल्सच्या रीतीनं दीड मिनिटात पिझ्झा भाजायचा तर भट्टी ४३० अंशांच्या वर जाते, आणि जस्त ४२० च्या आसपासच वितळतं. राख पुसायला तारेचा ब्रश घेऊ नका, तुटलेली तार घासात येते. काठीला बांधलेलं, घट्ट पिळलेलं ओलं सुती फडकं उत्तम. (परभणीच्या मे महिन्यात भट्टीपुढं उभं राहायची हिंमत कोणी घडवून देत नाही, ती तुमची तुम्ही बघा.) आणि हो, घिसाड्याशी घासाघीस करू नका, ऑनलाइन मागवताना करता का?